अनुसया सिस्टर अन् लोटूअण्णाचं अलूणं

सुरतेच्या गोडादऱ्यात अनुसया सिस्टर भाजी घ्यायला निघाली की ओळखीची माणसं पाय आखडून घेत. बाईला खोडच तशी होती. कुणाचा पाय जरा फुगलेला दिसला की हातातली पिशवी खाली ठेवायची, वाकायचं आणि नडगीवर अंगठा दाबून धरायचा. अंगठा उचलल्यावर खड्डा तसाच राहिला तर त्या माणसाची धडगत नसे. दम लागतो का, उशाला काय घेता, जिना चढताना मध्ये थांबता का, अशी गिलक्यांच्या ढिगाऱ्याशेजारी उलटतपासणी सुरू. एकदा भाजीवाल्याचाच पाय तिनं धरला. तो बिचारा समजला, बाई उधारी मागायला पाया पडतेय. त्यानं अर्धा किलो गवार फुकट दिली आणि वर आशीर्वादही दिला.

अनुसया मूळची पारोळ्याकडची. धुळ्याला नर्सिंग शिकली तेव्हा बाप वर्षभर तिच्याशी बोलला नव्हता. 'लोकास्ना गू-मूत काढासाठे शिकाडं का तुले?' असं त्याचं म्हणणं. मग दत्तूशी लग्न झालं. दत्तू सुरतेला उधन्यात पॉवरलूमवर होता, म्हणून ती सुरतेला आली आणि उधन्याच्याच एका ट्रस्टच्या दवाखान्यात लागली. तिथं तिला भाषांची वाटणी करून घ्यावी लागली. सुरती म्हाताऱ्यांची समजूत गुजरातीत, ओडिशा-यूपीच्या पोरांना औषधं हिंदीत, डॉक्टरांशी मराठी-गुजरातीची खिचडी. खान्देशी पेशंटला मात्र रागवायचं ते अहिराणीतच. तिचं म्हणणं, दुसऱ्या भाषेत रागावलं तर राग नीट बसत नाही, सैल राहतो. प्लेगच्या वर्षी निम्मं सुरत गाड्या पकडून पळालं, तेव्हाही ती गेली नाही. दत्तूनं बोचकं बांधलं होतं. ती म्हणाली, "तुम्ही जा. माझ्या वॉर्डात सहा जण आहेत, त्यांना कोण उठवून बसवणार?" दत्तूनं बोचकं सोडलं.

या बाईच्या वॉर्डात सत्त्याण्णव साली होळीच्या सुमाराला लोटूअण्णा आला.

आला म्हणजे त्याला आणला. त्याचा जोडीदार निंबा अन् बायको सरलाबाई, दोघांनी रिक्षात मध्ये बसवून. लोटूअण्णा दत्तूच्याच लाइनीतला, पण दुसऱ्या कारखान्यातला माणूस. वीस-बावीस वर्षं मागावर उभा राहिलेला. पाय पायजम्यात मावत नव्हते. पोट तट्ट. ओठ निळसर. आणि त्याला आडवं करायला गेलं की तो झोपवणाऱ्याच्याच गळ्याला लटकायचा.

"नका, सिस्टर, आडवा नका करू. आडवा व्हयनू का पानी नाकलोंग येस."

"माहीत आहे. बसा. असेच बसा," म्हणत अनुसयानं पलंगाचं डोकं उचललं, पाठीशी उशा रचल्या, पाय खाली सोडून दिले, नाकाला ऑक्सिजन लावला. डॉक्टर देसाईंनी लघवीचं इंजेक्शन सांगितलं, ते दिलं. मग पलंगाखाली भांडं ठेवलं आणि सरलाबाईला म्हणाली, "आता बघत राहा. तुमच्या नवऱ्यानं नदी अडवून ठेवलीये."

दिवस मावळेपर्यंत अण्णा बोलायला लागला होता. मागावर काम करणारी माणसं मोठ्यानं बोलतात, खडखडाटात दुसरा इलाज नसतो. अण्णाचा दम परतला तसा आवाजही परतला, आणि तो आवाज असा की बाजूच्या खोलीतली बाळंतीण दचकून उठली.

"सिस्टर, मन्हं काय बिघडेल शे, सांगी टाका."

"पंप थकलाय, अण्णा. हृदय म्हणजे पंपच ना. तो जोरात फेकत नाही, म्हणून पाणी मागं तुंबतं. पायात, पोटात, फुप्फुसात. मीठ खाल्लं की ते आणखी पाणी धरून ठेवतं. म्हणून पाणी मापात, मीठ बंद, गोळी रोज."

"मोटर बदलाई नही जास का?"

"आहे तीच चालवायची. सांभाळून."

पाण्याचं माप म्हणजे प्लास्टिकचा एक जग. सकाळी भरून ठेवायचा, दिवसभर त्यातलंच. दुसऱ्या दिवशी जग दुपारपर्यंत भरलेलाच, आणि अण्णाचं वजन मात्र उतरायचं थांबलेलं. अनुसयानं सरलाबाईला व्हरांड्यात घेतलं.

"काय दिलं प्यायला?"

"पानी नही दिधं, ताई. एक थेंब नही दिधा. कानबाईनी आन."

"मग काय दिलं?"

"च्या दिधा. मंग ताक दिधं. मंग निंबाभाऊ उसना रस लई उना, तो दिधा. पन पानी नही दिधं."

अनुसयानं कपाळाला हात लावला. "मंग च्या काय वाळूना करतस का, वो माय?"

सरलाबाईला हसू आलं, मग लाज वाटली, मग पुन्हा हसू. त्या दिवसापासून चहा, ताक, वरणाचं पाणी, सगळं जगातून वजा होऊ लागलं. अण्णाला ते मुळीच पटलं नाही. चहाशिवाय जगायचं तर जगायचंच कशाला, असं तो निंबाला म्हणाला. म्हणाला म्हणजे तोंडानं नव्हे. लूमवाल्यांची हातांची एक भाषा असते. माग चालू असले की ओरडूनही ऐकू जात नाही, म्हणून दोन रांगांच्या पलीकडल्या माणसाशी ते बोटांनी बोलतात. सुताची कांडी संपली, धागा तुटला, शेठ आला, चल बाहेर, सगळं बोटांनी.

भेटायच्या वेळेला निंबा वॉर्डाच्या दारात उभा राहिला. अण्णानं दोन बोटं ओठाशी नेऊन वाकडी केली. निंबानं भुवई उडवून सिस्टरकडे इशारा केला. अण्णानं तळहात उलटा करून हलवला, म्हणजे ती पाठमोरी आहे, ये. निंबाच्या पिशवीत थर्मास होता.

अनुसया पलीकडच्या पेशंटची नाडी मोजत होती. पाठमोरी होती खरी, पण खिडकीच्या काचेत दोघंही स्वच्छ दिसत होते. आणि या दोघांना एक गोष्ट माहीत नव्हती. तिच्या घरी दत्तू बसला होता. तो जेवतानासुद्धा दुसरी भाकरी बोटानंच मागायचा, बारा वर्षं झाली. तिनं नाडी मोजून घेतली, सावकाश वळली, निंबाकडे बघत दोन बोटं कात्रीसारखी मिटली आणि पंजा पालथा करून खाली दाबला. धागा तुटला. माग बंद.

निंबा जागच्या जागी थिजला. थर्मासची पिशवी त्यानं हळूच पाठीमागं नेली.

"ही बाई लूममा व्हती का काय?" तो नंतर सरलाबाईला विचारत होता.

पाणी उतरलं. पायजमा ढिला झाला. मग अण्णाच्या पोटऱ्यांत रात्री-बेरात्री गोळे यायला लागले आणि अंगातली ताकद गेल्यासारखी झाली. लघवीच्या गोळीनं पाण्यासोबत पोटॅशियमही वाहून जातं, ते कमी पडलं की असं होतं, नाडीही चुकायला लागते. देसाईंनी रक्त तपासून एक पातळ औषध लिहिलं. अण्णानं पहिला घोट घेतला आणि चेहरा असा केला की शेजारच्या पलंगावरच्या म्हाताऱ्यानं घाबरून आपलं औषध उशीखाली दडवलं.

"हाई काय शे? बॅटरीनं पानी?"

"पोटॅशियम आहे. प्या. आणि हे केळं खा त्यावर."

"केळं पहिले देवाना व्हतं ना," अण्णा कुरकुरला, पण प्याला.

घरी सोडायचा दिवस आला. अनुसया सरलाबाईला घेऊन बाकड्यावर बसली. गोळ्या समजावल्या. रोज सकाळी वजन करायचं, तेही समजावलं. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याच्या पोत्याच्या काट्यावर केलं तरी चालेल, वजन झपाट्यानं वाढलं तर थांबायचं नाही, सरळ इकडे यायचं. आणि मग मीठ.

"सगळं बिनमिठाचं, सरलाबाई. पापड, लोणचं, फरसाण काही नाही. कसं लक्षात ठेवाल? रोज उपास आहे असं समजा. उपासाला मीठ चालतं का आपल्यात?"

"नही, ताई. उपासले मीठ कसं चाली?"

"मग तसंच. अण्णाला रोज एकादशी."

सरलाबाईनं मान डोलावली. तिला नीट समजलं होतं. अनुसयालाही समाधान वाटलं. लोकांना त्यांच्या घरातलं उदाहरण दिलं की बरोबर बसतं, असं ती नव्या पोरींना नेहमी सांगायची.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या आठवड्यात लोटूअण्णा परत आला. पाय फुगलेले, उशा रचलेल्या, तेच सगळं. वॉर्डात पाणी उतरलं, तो हसत घरी गेला. आणि आषाढात तिसऱ्यांदा आला, तेव्हा हसत नव्हता. रिक्षातून उतरताना त्याला वाक्य पुरं करता येत नव्हतं. त्या आवाजाच्या माणसाचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

देसाईंनी आधी गोळ्यांवर संशय घेतला. सरलाबाईनं रिकामी पाकिटं जपून ठेवली होती, सगळी पिशवीतून काढून दाखवली. गोळी एकही चुकली नव्हती. पाणी मापात होतं, सोनाली, म्हणजे त्यांची सातवीतली पोरगी, स्वतः जग भरायची. मीठ तर घरातच नव्हतं, सरलाबाईनं बरणी शेजारणीला देऊन टाकली होती.

व्हरांड्यात देसाई अनुसयाला हळू आवाजात म्हणाले, "सिस्टर, दर वेळी हार्ट थोडं जास्त थाके छे. या वेळी निघेल तो. पण असाच चौथ्यांदा आला तर माझ्या हातात काही राहणार नाही. गोळी वाढवून वाढवून किती वाढवू? मग पोटॅशियम पडेल, किडनी बसेल."

"वॉर्डात बरा होतो, डॉक्टर. घरी गेला की भरतो."

"एटले घरातच कंई छे," देसाई म्हणाले.

अनुसयाला रात्रभर तेच. औषध तेच, माणूस तोच, पाणी तेच. वॉर्डात अन् घरात फरक फक्त रांधणाऱ्या हाताचा. रविवारी तिची सुट्टी होती. अण्णाचा श्वास जरा खाली बसला होता. ती सरलाबाईला म्हणाली, "चला, आज तुमच्याकडे जेवते."

सरलाबाई गडबडून गेली. "ताई, मन्हा घरमा? आज काही गोडधोड…"

"गोडधोड नको. अण्णाला रोज देता तेच. तसंच करा, माझ्यासाठी काही वेगळं करू नका."

गोडादऱ्यातली ती खोली वरच्या मजल्यावर होती. जिन्यात पावसाचं पाणी, दारात चपलांचा ढीग आणि आत शिरताच कोवळ्या गव्हाचा ओला वास. कोनाड्यात टोपलीत बोटभर जवारे उगवले होते, कापसाची माळ घातलेली. सोनाली नवा घागरा घालून, हाताला मेंदी लावून बसली होती. सुरतेत आषाढात पोरी पाच दिवस अलूणां करतात, गौरीचं व्रत. चाळीतल्या सगळ्या गुजराती पोरी करायच्या, म्हणून सोनालीही करू लागली होती. हे तिचं पाचवं वर्ष.

सरलाबाईनं स्टोव्ह पेटवला. कळण्याची भाकरी थापली, गिलक्याची भाजी परतली, वरणाला लसणाची फोडणी दिली. ताट पुढं आलं. अनुसयानं भाकरीचा तुकडा मोडला, भाजी लावली, तोंडात घातला.

भाजी फर्मास झाली होती.

तिनं दुसरा घास घेतला. मग वरण बोटानं चाखलं. मग ती ताटाकडे बघत राहिली. बिनमिठाचं जेवण तिनं वॉर्डात शेकडो वेळा चाखलं होतं. ते असं लागत नाही. बिनमिठाच्या जेवणाचा पहिला घास गिळताना माणूस उगाच खिडकीबाहेर बघतो.

"सरलाबाई, यात मीठ आहे."

"नही, ताई." सरलाबाईचा चेहरा उतरला. "तुम्ही सांगं तवयपासून मीठ घरमा उनं नही. सोनालीले इचारा."

अनुसयाला तिच्यावर अविश्वास दाखवायचा नव्हता. पण जीभ खोटं सांगत नव्हती. तिनं ताट जरा सोनालीकडे सरकवलं. "घे गं, तू सांग चाखून."

सोनाली बाजूला दूध-भाकरी घेऊन बसली होती. तिनं अंग चोरलं. "मला नाही चालत, सिस्टर. माझं अलूणां छे."

"अगं, पण यात मीठ नाही म्हणतात ना तुझी मम्मी. मग चालेल की."

"मीठ नथी, पण सिंधव छे ने." पोरगी तिला समजावू लागली, जसं एखाद्या परगावच्या पाहुणीला समजावावं. "उपासाला सिंधव चालतं. अलूण्यात ते पण ना चाले. अलूणां म्हणजे काहीच खारं नाही. खारी बिस्किट पण नाही, खारे सिंगदाणे पण नाही."

स्टोव्ह फरफरत होता. सरलाबाईनं तो बंद केला.

"सैंधव," अनुसया म्हणाली.

"हा, सैंधव टाकस मी." सरलाबाईला अजून काही कळलं नव्हतं. तिनं फळीवरची बरणी काढून दाखवली, गुलाबट पांढरी पूड. "उपासनंच सांगं व्हतं ना तुम्ही? मीठ नही चालस, सैंधव चालस. त्याले खारटपना कमी, मंग जराखं जास्त टाकस. अण्णाले चव लागाले पाहिजे ना."

अनुसयाच्या माहेरी उपास म्हणजे दूध, केळी आणि रताळं. खारट पदार्थ पोटात गेला तर तिची आई दुसऱ्या दिवशी पुन्हा उपास धरायला लावी. सगळं जग तसाच उपास करतं, असं धरूनच ती बोलली होती. आणि सरलाबाईनं तिचा शब्द खाली पडू दिला नव्हता. तीन महिने, रोज दोन वेळा, चमचा जरा जास्तच.

तिला आधी रडू आल्यासारखं झालं आणि मग हसूच फुटलं. तोंडात घास, डोळ्यांत पाणी, आणि बाई हसतेय. सरलाबाई घाबरली.

"ताई, मन्हं काही चुकनं का?"

"तुमचं नाही हो. मीच मूर्ख. सैंधवसुद्धा मीठच आहे, सरलाबाई. देवाला चालतं ते, हृदयाला नाही चालत. दोन्ही मिठं पाणी सारखंच धरतात."

सरलाबाई खाली बसली. बरणी मांडीत. "म्हंजे मीच त्यासले…"

"तुम्ही नाही, मी सांगितलं म्हणून." अनुसयानं तिचा हात धरला. "आणि आता सापडलं ना? चोर सापडला की घर वाचतं. रडायचं नाही. आधी मला सांगा, या पोरीसाठी तुम्ही पाच दिवस काय रांधता?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं देसाईंना सगळं सांगितलं, आपली चूक काही न लपवता. देसाईंनी पेन ठेवला आणि डोळे मिटून घेतले. "सिस्टर, मारी बा, माझी आई," ते म्हणाले. "बीपी आहे तिला. महिन्यात दोन अगियारस, म्हणजे एकादश्या, श्रावणात तर रोज फराळ. मी डॉक्टर, अन् घरी कधी विचारलंच नाही, फराळात काय टाकते." त्यांनी तिथूनच घरी फोन लावला. पलीकडून बा बराच वेळ बोलत होत्या. देसाई मधूनमधून फक्त "हा, बा" म्हणत होते.

आता राहिला लोटूअण्णा. त्याला हे सांगणं सोपं नव्हतं. तो पलंगावर ताठ बसून ऐकत होता, निंबा पायथ्याशी, सरलाबाई उशाशी.

"म्हंजे आते सैंधव बी नही?"

"नाही. सोनालीचं अलूणां आहे ना, तसं."

"पोरीस्नं व्रत शे ते. चांगला नवरा भेटावा म्हनीसन करतस." अण्णानं सरलाबाईकडे बोट केलं. "माले काय आते नवरा पाहाना शे का?"

निंबानं संधी सोडली नाही. "कर ना, अण्णा. मेंदी बी लाई देऊत. कसा नवरा पाहिजे, सांग, उधन्यामा मन्हा ध्यानमा दोन शेत."

"तुन्हा तोंडले मेंदी लाव," अण्णा म्हणाला, पण हसताना त्याला धाप लागली आणि निंबानं त्याच्या पाठीशी उशी सारली.

संध्याकाळी सोनाली आली. व्रताचा तिचा शेवटचा दिवस होता. घागरा घालून, कपाळाला चमकी लावून ती वॉर्डात शिरली तेव्हा पाच पलंगांवरच्या माना वळल्या. तिच्या हातात डबा होता. तिनं आईला बाजूला बसवून स्वतः रांधलं होतं: बाजरीची भाकरी, गावाकडच्या काळ्या मसाल्याची वांग्याची भाजी, भाजलेल्या तिळाची चटणी, लिंबाची फोड. सगळं झणझणीत, आणि मिठाचा एक दाणाही नाही.

अण्णानं घास तोंडात घातला आणि खिडकीबाहेर बघू लागला.

"कसं आहे, पप्पा?"

"तिखं शे," तो म्हणाला. आणखी एक घास गिळून म्हणाला, "बाकी काहीच नही."

"पहिल्या दिवशी रडू येतं. मला पहिल्या वर्षी आलं होतं. मग जीभ विसरून जाते." तिनं लिंबू पिळलं. "लिंबू जास्त घ्यायचं. मग असं वाटतं की मीठ आहे."

अण्णा खात राहिला. पोरगी समोर पाय हलवत बसलेली. उद्या तिचं व्रत सुटणार, पाचवं वर्ष संपलं म्हणून उजवणी, म्हणजे उद्यापन, होणार, चाळीतल्या पोरी जेवायला येणार. ते सगळं तिनं बापाला सांगून टाकलं.

"तुन्ही उजवनी व्हई गयी," अण्णा म्हणाला. "मन्ही कधळ?"

सोनालीनं सिस्टरकडे पाहिलं. अनुसया सलाइनची बाटली बदलत होती. तिनं हात थांबवला नाही.

"तुमची उजवणी नाही, अण्णा. तुमचं चालूच राहणार. ते चालू राहावं म्हणून तर एवढी मारामार चाललीये आमची."

अण्णानं मान खाली घातली. भाकरीचा उरलेला तुकडा त्यानं भाजीच्या रश्श्यात फिरवला, वाटी पुसून काढली आणि खाल्ला. मग बोटांनी दारात उभ्या निंबाला एक खूण केली. निंबानं मान हलवली.

"काय म्हणाले?" सोनालीनं विचारलं.

"म्हंतस, माग चालू कर," निंबा म्हणाला.

तो घरी गेला. पहिले काही दिवस त्यानं सरलाबाईला छळलं. तिच्या ताटातली चटणी नजरेनं खायचा. कारखान्यात मालकानं त्याला उभ्या कामावरून काढून कांड्या भरायला बसवला होता, तिथं पोरं डबा उघडला की विचारायची, "अण्णा, गौरी काय म्हनस? स्थळ उनं का?" अण्णा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचा, "माले रांधी देनारी बायको शे घरमा. नवरा कशाले पाहिजे?" हळूहळू पोरांची चेष्टा संपली, आणि एका खारट डब्याच्या मुकादमानं गुपचूप अण्णाला तिळाच्या चटणीची कृती विचारली, कारण त्यालाही आताशा जिना चढताना थांबावं लागत होतं. अण्णानं त्याला कृती सांगितली नाही. हाताला धरून अनुसयाकडे नेऊन उभा केला.

अनुसयानंही एक केलं. 'उपास' हा शब्द तिनं वॉर्डातून हद्दपार केला. खान्देशी बाई असो की सुरती, ती आधी विचारायची, "तुमच्याकडे मिठाच्या नावानं किती बरण्या आहेत? सगळ्या सांगा. सैंधव, पादेलोण, पापडखार, सगळ्या." बाया बोटांवर मोजत सांगायच्या आणि स्वतःच चकित व्हायच्या. अनुसयाही बोटांवर मोजायची. लोकांच्या स्वयंपाकघरात एवढं मीठ वेगवेगळ्या नावांनी राहतं, हे धुळ्याला कुणी शिकवलं नव्हतं.

श्रावण गेला, नवरात्र गेलं. वॉर्डात लोटूअण्णाचा पलंग दुसऱ्या माणसांना मिळत राहिला.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी सुरतेत चंदी पडवो असतो. त्या संध्याकाळी सगळं गाव घारी खातं, तुपानं माखलेली, मावा-पिस्त्यानं भरलेली, आणि तोंडी लावायला मूठभर फरसाण, म्हणजे भूसुं. श्रीमंत लोक गाड्या काढून डुमसच्या समुद्रकिनाऱ्यावर जातात. गोडादऱ्याची माणसं सोसायटीच्या मैदानात सतरंज्या टाकतात. दत्तू अन् अनुसया नुकतेच बसले होते, चंद्र अजून टाकीच्या मागंच होता, तेवढ्यात मैदानाच्या पलीकडून हाक आली. एवढ्या गर्दीतून इतक्या स्वच्छ ऐकू येणारा आवाज एकाच माणसाचा होता.

"सिस्टर. ओ सिस्टर. आठे या."

लोटूअण्णा सतरंजीवर मांडी घालून बसला होता. सरलाबाई, सोनाली, निंबाचं घर, सगळे भोवती. समोर कागदाचा पुडा, त्यात भूसुं, तो पुडा त्यानं निंबाच्या गुडघ्याखाली सारून दिला होता. आणि त्याच्या हातात एक आख्खी घारी होती, दाराच्या कडीएवढी.

"सिस्टर, खरं सांगा," तो म्हणाला. "घारीमा मीठ नही ना?"

"मीठ नाही," अनुसया म्हणाली.

"सैंधव?"

"तेही नाही."

"मंग खाऊ?"

अनुसयानं घारीकडे पाहिलं. तूप त्याच्या मनगटावरून ओघळत होतं. सोनाली ओठ दाबून हसू आवरत होती. सरलाबाई सिस्टरच्या तोंडाकडे असं बघत होती, जणू या वेळी एकही शब्द चुकीचा ऐकायचा नाही.

अनुसया खाली बसली, अण्णाच्या हातातून घारी घेतली, मोडली, तिचे चार तुकडे केले. एक त्याला दिला. एक सोनालीला, एक सरलाबाईला.

"अन् तो चौथा?" अण्णानं विचारलं.

"चौथा तपासायचा आहे," ती म्हणाली आणि तो तिनं स्वतःच्या तोंडात टाकला.